बिल्टीत नसलेला नग

हैदराबादच्या बेगम बाजारातल्या व्यापाऱ्यांचा जीएसटी भरणं हा माझा धंदा. या बैठ्या धंद्यात मी दोन गोष्टी कमावल्या. एक पोट, आणि दुसरी अशी की तिच्यापायी मधोमध भोक असलेली रबरी उशी बगलेत घेऊन हिंडावं लागतं. असा माणूस रात्री अकराला मालाच्या गाडीत चढतो, तेव्हा त्यामागे भटकंतीची आवड वगैरे काही नसते. राज्याचा कोड असतो.

झालं होतं असं. एका शेठजींच्या दोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या, मंडपवाल्यांची पातेली आणि थोडं मीठ-गूळ केरामेरीच्या वरच्या डोंगरात एका दुकानदाराकडे निघालं होतं. पन्नास हजारांवरचा माल म्हणजे ई-वे बिल आलं, आणि ई-वे बिलात राज्य लिहावं लागतं. तेलंगणाचा कोड ३६, महाराष्ट्राचा २७. मुनीम म्हणे ३६, शेठजी म्हणे २७. दुकानदाराला फोन लावला तर तो म्हणाला, "तुम्हाला कोणतं सोयीचं पडतंय?"

आता यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, राजुरा तालुका आदिलाबादेतून निघून मुंबई राज्यात गेला आणि पुढे माणिकगडच्या डोंगरातल्या चौदा गावांवर दोन्ही बाजूंच्या राज्यांनी हात ठेवला. तो अजून उचललेला नाही. ही गावं चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातही आहेत आणि आसिफाबादच्या केरामेरी मंडलातही आहेत. आमच्या दुकानदाराच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. गाव लिहिलं की जिल्हा लिहावा लागतो.

"साहेब, तुम्हीच जाऊन बघून या," शेठजी म्हणाले. विनोद करताहेत असं समजून मी हसलो. त्यांनी उस्तादला हाक मारली.

उस्ताद म्हणजे ड्रायव्हर. मूळचा याकुतपुऱ्याचा, पांढरी दाढी, बोलणं अस्सल दखनी. निघण्यापूर्वी त्याने हातातल्या लोखंडी टॉमीने सहाही टायर ठोकले. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरशी वाकून, कान लावून, दोनदा ठोकला. ठण्ण वाजलं की हवा आहे, ढब वाजलं की नाही. मग त्याने माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. टॉमी हातातच होती. "इनो बिल्टी में लिखे क्या?" त्याने मुनीमाला विचारलं. नव्हतं लिहिलं. वजनकाट्यावर मात्र मला धरूनच गाडी तोलली गेली.

प्रवासवर्णनात स्थळं लागतात, तर ती अशी. कामारेड्डीला चहा प्यालो. गोदावरी लागली तेव्हा मी झोपेत होतो. निर्मळच्या रंगीत लाकडी खेळण्यांची दुकानं पहाटे बंद होती. इचोड्याला हायवे सोडून उटनूरकडे वळलो आणि तिथून पुढे माझ्या उशीचं आणि रस्त्याचं जे सुरू झालं त्यात मी मधल्यामधे होतो. हट्टीपाशी जोडेघाटची पाटी दिसली. जल, जंगल, जमीन म्हणत कुमराम भीम निजामाशी लढला तो इथे, १९४० साली पडला तोही इथेच. उस्तादने स्टिअरिंगवरचा एक हात उचलून कपाळाला लावला. नेमका तेव्हाच खड्डा आला म्हणून मी लावू शकलो नाही.

ई-वे बिलाच्या नियमाप्रमाणे मालाच्या गाडीला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. मी वर्षानुवर्षं या नियमाला हसत आलो आहे. तो करणाऱ्याने केरामेरीचा घाट पाहिलेला असावा.

गाव हाकेच्या अंतरावर असताना गाडी बसली. श्रावणातला चिखल, चढाची वाट, मागची चाकं जागच्या जागी गरगरताहेत आणि क्लीनर पोरगा त्यांच्याखाली दगड सरकवतोय. दगड गोळीसारखे मागे उडत होते. उस्ताद खाली उतरला, चाकं पाहिली, मग मला पाहिलं. "साब, तुमे पीछे जाके बैठो. पीछे वजन होना."

मी मागे फाळक्यापाशी, ताडपत्रीवर, उशी घालून बसलो. उस्तादने रेस दिली आणि गाडी आणखी वीतभर खाली गेली. "इत्ता बी वजन नक्को," क्लीनर म्हणाला.

मग माल उतरवायचं ठरलं. आधी खुर्च्या. दहा-दहाच्या थप्प्या रस्त्याकडेला लागल्या. तेवढ्यात गावातून माणसं आली, थप्पीतली खुर्ची काढून मांडू लागली आणि बसू लागली. पंधरा मिनिटांत चिखलात रुतलेल्या गाडीसमोर सभा भरली. बायका एका बाजूला, पोरं पुढे जमिनीवर. मधल्या दोन खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्या. त्या सरपंचांसाठी. सरपंच दोन आहेत.

महाराष्ट्राचे सरपंच आले, बसले. तेलंगणाचे सरपंच आले, नमस्कार झाला, तंबाखूची देवघेव झाली. दोघांनी आपापल्या माणसाला ट्रॅक्टर आणायला पिटाळलं. दोन्ही ट्रॅक्टर एकदमच पोचले आणि आधी साखळी कुणाची लावायची यावर पाऊण तास चर्चा झाली. रस्ता कुणाच्या निधीतून झाला होता तो मुद्दा निघाला. झालाच कुठे आहे, असं मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं आणि सभेने टाळ्या वाजवल्या. मी करसल्लागार आहे असं कळल्यावर मला मध्यस्थ केलं गेलं. मी उभा राहून अधिकारक्षेत्राविषयी चार वाक्यं बोललो. मी पाचवं सुरू करेपर्यंत उस्तादने दोन्ही साखळ्या पुढच्या हुकात अडकवल्या होत्या. गाडी निघाली. मी, पातेली आणि सभा तिथेच राहिलो.

गावात पोचल्यावर उस्तादने आधी सीटखालून एक कापडी पिशवी काढली. अफझलगंजहून आणलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या, कुणाचं तरी दुरुस्त केलेलं घड्याळ, आणि कोठी भागात करून घेतलेला एक चष्मा. चष्मा एका म्हातारीचा होता. ती मराठवाड्यातून पोटामागे इथे आलेल्या पिढीतली. त्याने आपल्या सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या, काड्या तिच्या कानांमागे नीट बसवल्या आणि उकिडवा बसून राहिला. म्हातारीने आधी झाडाकडे पाहिलं नाही की घराकडे पाहिलं नाही. त्याच्याकडे पाहिलं. "आरं, तुझी दाढी पिकली की रं!"

"हौ माँ, पक गई," उस्ताद म्हणाला.

पैशांचा विषय निघाला नाही. पावती आहे का, हे माझ्या तोंडावर आलं होतं, सवयीनं. मी ते गिळलं.

पण ती गिळलेली पावती तिथून निघेपर्यंत टोचत होती. या गावाला दोन सरपंच आहेत, दोन राज्यांच्या शाळा आहेत, घरात दोन रेशनकार्डं आहेत. २०२४ ला लोकसभेचं मतदान चंद्रपूरला १९ एप्रिलला होतं आणि आदिलाबादला १३ मे रोजी. कित्येकांची नावं दोन्ही याद्यांत. म्हणजे मागायला दोघेही येतात. शेताचा मात्र अनेकांकडे सातबारा नाही आणि पट्टाही नाही. आणि म्हातारीचा चष्मा मिठाच्या गोण्यांबरोबर येतो.

दुकानदार माल मोजून घेत होता. खुर्च्या एकशे सत्त्याण्णव भरल्या. कमी पडलेल्या तिनांपैकी दोन सरपंचांच्या खाली होत्या आणि ते अजून रस्त्याकडेलाच बसून बोलत होते. तिसरीवर मी होतो. माझी उशी त्याने उलटसुलट करून पाहिली, भोकातून पलीकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्याचा होलसेलचा रेट काय?"

मी मुद्द्यावर आलो. "गाव नक्की कोणत्या राज्यात?"

"तुम्ही कोण म्हणून विचारताय?" त्याने विचारलं. माणूस हुशार होता.

बिल्टीवर पोच द्यायची वेळ आली तेव्हा त्याने ड्रॉवरमधून दोन रबरी शिक्के काढले. एकावर खाली जिवती, एकावर केरामेरी. कोणता मारू म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी उस्तादकडे पाहिलं.

"पैसे जिस गल्ले से देरे, उसका मारो," उस्ताद म्हणाला.

दुकानदाराने थोडा विचार केला, दोन्ही शिक्के परत ड्रॉवरमध्ये ठेवले, अर्धं भाडं मोजून दिलं आणि उरलेलं पोळ्यानंतर म्हणाला. मग त्याने उधारीची वही काढली. ती एकच होती.