मावतं किती, निघतं किती

आमच्या लोणारात खड्ड्याचं कुणाला अप्रूप नाही. व्यास सुमारे १८०० मीटर, काठापासून खोली १३० मीटरहून अधिक, आणि एवढं सगळं आकाशातून आलेल्या एका दगडाने क्षणात खणून दिलेलं. ना निविदा, ना टक्केवारी. त्यामुळे गावातल्या एका पतसंस्थेच्या (नाव सांगत नाही, माझी मुदत ठेव अजून तिथंच आहे) संचालक मंडळापुढे 'सर्व्हरच्या बॅकअपसाठी किती क्षमतेचा टेप ड्राइव्ह घ्यावा' हा विषय आला, तेव्हा मंडळाने एकच प्रश्न विचारला. सगळ्यात मोठा कोणता?

त्याआधी अर्धा तास 'टेप' या शब्दावर गेला. एक ज्येष्ठ संचालक म्हणाले, "टेप कायले पाह्यजे आता? गाने तं मोबाइलवरच आयकू येतेत." संगणक सांभाळणाऱ्या पोराने समजावलं की ही अर्ध्या इंचाची चुंबकी फीत असते, तळहातावर मावणाऱ्या डबीत गुंडाळलेली. नवव्या पिढीच्या डबीत ती एक किलोमीटरहून लांब भरते, म्हणजे सरोवराच्या या काठावरून सोडली तर निम्म्याच्या पुढे जाईल. २०११च्या फेब्रुवारीत जीमेलच्या काही ग्राहकांच्या पेट्या अचानक रिकाम्या झाल्या, तेव्हा गुगलनेही अखेर टेपवरूनच ती पत्रं परत आणली. "गुगल ठेवते, तं आपनही ठेवू," अध्यक्ष म्हणाले. मग २१ जून २०१२ला मंत्रालयाला लागलेल्या आगीची आठवण निघाली, फायलींबद्दल हळहळ झाली, चहा झाला, ठराव झाला.

रीतीप्रमाणे तीन कोटेशनं आली. तिन्हींवर मोठ्या ठळक अक्षरात '४५ टेराबाइट'. मंडळ खूश. पोराने कोपऱ्यातल्या मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं. खरी जागा १८. उरलेले २७ कुठून आले? तर माल दाबून अडीच पट बसेल, असं कंपनीने गृहीत धरलेलं.

आता दाबणं म्हणजे काय, हे वऱ्हाडाला शिकवायची गरज नाही. मोकळा कापूस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरला तर रस्ता अडतो, प्रेसमध्ये दाबला की त्याची आटोपशीर गाठ होते. पण एकदा खामगावच्या प्रेसमधून बाहेर पडलेली गाठ पुन्हा प्रेसमध्ये घालून बघा. प्रेसवाला तुम्हालाच दाबेल. संगणकातलंही तसंच. खातेवहीतले आकडे, नावं, त्याच त्या ओळी हा मोकळा कापूस, तो दबतो. पण स्कॅन केलेली आधार कार्डं, सोनेतारणाच्या दागिन्यांचे फोटो, तिजोरीच्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण या बांधलेल्याच गाठी. आणि पतसंस्थेच्या सर्व्हरवर खातेवही मूठभर, गाठी डोंगराएवढ्या. म्हणजे १८ चे १८च.

पोराने कागदावर हिशेब मांडला. एकूण माल ४ टेराबाइट. त्यातलाही कॅमेऱ्याचा जुना कचरा काढला तर तीन. दर रविवारी सगळा, इतर दिवशी फक्त बदललेला. डब्या आलटून पालटून वापरायच्या, पुढच्या पाच वर्षांच्या वाढीला जागा सोडायची. सातव्या पिढीची ६ टेराबाइटची डबी भागवते, आठवीची १२ घेतली तर ऐसपैस. एवढं सोपं उत्तर ऐकून मंडळ नाराज झालं. शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेने नववी पिढी घेतल्याचं कुणाच्या तरी कानावर होतं. लग्नात पाहुणे दोनशे असले तरी बुंदी पाचशेंची पाडायची, या न्यायाने ४५ वाला ड्राइव्ह मंजूर झाला. किंमत लाखांत. नफ्यातून, अर्थात.

मग कळलं की ड्राइव्हलाही भूक असते. पूर्ण आकाराचा नवव्या पिढीचा ड्राइव्ह सेकंदाला ४०० मेगाबाइट गिळतो. तेवढ्या वेगाने वाढलं तरी १८ टेराबाइटची डबी भरायला साडेबारा तास लागतात, संध्याकाळी शटर ओढल्यापासून सकाळी उघडेपर्यंत. आणि आमची केबल वाढणार सेकंदाला जेमतेम ११०. ड्राइव्ह आपला वेग थोडाफार उतरवून घेतो, पण त्याखाली माल आला की त्याची गत मेहकर रस्त्यावरच्या एसटीसारखी होते. हात केलेला प्रवासी मागे राहतो, गाडी पुढे जाऊन थांबते, कंडक्टर ओरडतो, गाडी मागे येते, एक माणूस चढतो, घंटी, निघाली, की पुन्हा कुणीतरी हात करतो. रात्रभर फीत अशीच मागेपुढे, मागेपुढे. डबी झिजते, डोकं झिजतं. ड्राइव्हचं म्हणतोय, मंडळाचं नाही.

पिढ्यांचंही एक घराणं आहे. २००० साली आलेली पहिली पिढी १०० गिगाबाइटची. सातव्या पिढीपर्यंत ड्राइव्ह बापाची आणि आजाची, दोघांचीही डबी वाचत असे. आठवीपासून फक्त बापाची. आणि आता दहाव्या पिढीने तर वाडवडिलांचं तोंडही न बघायचं ठरवलंय, ती स्वतःचीच डबी ओळखते. म्हणजे कपाटात डबी ३० वर्षं टिकेल, पण तिला वाचणारा ड्राइव्ह तेव्हा कुठल्या भंगारात असेल?

हे ऐकून मला मोडी आठवली. पेशवे दफ्तरातले रुमालच्या रुमाल कागद शाबूत राहिले. शाई टिकली, कागद टिकला, वाचणारे सरले. रियासतकार सरदेसायांनी १९३०च्या दशकात त्यातून निवडून ४५ खंड काढले. कोटेशनवरही ४५च होते, पण रियासतकारांचे ४५ आतून बाहेर आलेले होते. संगणकवाले 'रीस्टोअर' म्हणतात ते हेच. मंडळापुढे मी हा मुद्दा मांडला, तेव्हा एकाने विचारलं, "सरदेसाई कोन्त्या कंपनीचे?"

दुसरी प्रत इमारतीबाहेर ठेवायची असते, हेही पोरानेच सांगितलं. अध्यक्षांनी तत्काळ आपलं घर देऊ केलं, संस्थेपासून ३०० मीटरवर. इतर गावांत हे चालून जातं. पण आमच्या गावात आभाळातून संकट कोसळणं ही म्हण नाही, भूगोल आहे. दुसरा दगड पडलाच तर १८०० मीटरच्या खड्ड्यात संस्था, अध्यक्ष आणि दोन्ही प्रती एकाच वेळी जमा होतील. शिवाय टेपला २५ अंशांच्या आतला गारवा लागतो आणि अध्यक्षांच्या घरी कूलर फक्त बैठकीत. शेवटी डबी मेहकरला, शिपाई काकांच्या भाच्याकडे ठेवायचं ठरलं. भाच्याकडे एसी आहे, कारण तो मोबाइल दुरुस्त करतो.

पण ज्याच्याविषयी मंडळात कुणीच तोंड उघडलं नाही ते वेगळंच: आत गेलेलं बाहेर निघतं का? आमच्या सरोवराची तऱ्हा अशी की गोमुखाची धार आत येते, पावसाचं पाणी आत येतं, बाहेर मात्र थेंबही जात नाही. वाट नाहीच. उन्हाने पाणी उडतं आणि खाली उरतो तो खार. सरोवराचं वय विचाराल तर कधी ५२ हजार वर्षं सांगितलं जात होतं, पुढे शास्त्रज्ञांनी दुसऱ्या रीतीने तिथल्याच दगडांची तपासणी केली आणि ते ५ लाख ७० हजार निघालं. नोंद तीच, वाचणारं यंत्र बदललं. पुराणात लवणासुर जमिनीखाली दडून बसला होता, विष्णूने पायाच्या अंगठ्याने झाकण उडवून त्याला शोधून काढलं. आमच्या पंचक्रोशीत आत गेलेलं सापडल्याची ती एकच नोंद.

ड्राइव्हची पूजा झाली. नारळ फुटला, हळदीकुंकू नेमकं फीत आत जाते त्या फटीवर वाहिलं गेलं. आठवड्याभरात ड्राइव्हवर केशरी दिवा लागला. २०२०च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तर नमुने थेट पुण्याच्या आघारकर संस्थेत गेले आणि खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा छडा लागला. इथे दिवा केशरी झाला तर काकांनी त्याला नमस्कार केला. तो 'आता मला पुसा' म्हणतोय, हे कळायला दिवाळी उजाडली.

आणि मग ऑडिटर आले. त्यांनी क्षमता विचारली नाही. म्हणाले, गेल्या मार्चमधलं कुठल्याही एका सभासदाचं खातं टेपवरून काढून दाखवा. मंडळाने एकमेकांकडे पाहिलं. डबी घातली, ती फिरली, पडद्यावर चौकोन आला. पासवर्ड. माहिती कुलूपबंद करून ठेवायची असते म्हणून पोराने किल्ली तयार केली होती. ती त्याने सर्व्हरवर जपून ठेवली होती, आणि सर्व्हरचा बॅकअप त्या डबीत. पोरगं एव्हाना पुण्याला नोकरीला लागलेलं. फोनवर म्हणालं, कागदावरही लिहिली होती, ऑफिसातल्या कालनिर्णयच्या मागे, मे महिन्याच्या पानावर.

कालनिर्णय जानेवारीत बदललं होतं. जुनं रद्दीत गेलं होतं. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला आणि विचारलं, "त्याची दुसरी प्रत?"

"हाय ना," काका म्हणाले. "मेहकरले, भाच्याकडं. पन त्याच्या मे महिन्यामागं दूधवाल्याचा हिशेब हाय."