सुरात आल्याचा गुन्हा

एखाद्या लहानशा बँडचा नवा अल्बम आला की समीक्षक विचारतो, 'हे पुढे किती गेले?' आणि चाहता विचारतो, 'पण जायला सांगितलं कोणी?'

ग्लासगोच्या 'बेल अँड सेबास्टियन'ची पाठ हा दुसरा प्रश्न काही केल्या सोडत नाही. नाव एका मुलाच्या आणि त्याच्या कुत्रीच्या फ्रेंच गोष्टीवरून उचललेलं. गाणी लिहिणारा स्टुअर्ट मर्डॉक काही वर्षं आजारपणात घरी काढून उठलेला. पहिला अल्बम 'टायगरमिल्क' १९९६ साली निघाला, तोही एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या लेबलवर, रेकॉर्डच्या फक्त हजार प्रतींचा. मुलाखती शक्यतो द्यायच्या नाहीत, फोटोत शक्यतो दिसायचं नाही. आवाज इतका हळू की वाटावं, हे आपल्या एकट्याच्याच कानात सांगितलं जातंय. असं वाटणारे हजारोंनी निघाले, ही पुढची गंमत.

या लाजाळू मंडळींनी १९९९ मध्ये एक पराक्रम केला. ब्रिट पुरस्कारांतला नवोदितांचा पुरस्कार श्रोत्यांच्या मतांवर ठरायचा होता. समोर 'स्टेप्स' नावाचा गट: पाच जण, चकचकीत कपडे, बिनचूक हातवारे, घरोघरी वाजणारी गाणी. आणि जिंकले कोण, तर आमचे हे कुजबुजणारे! 'स्टेप्स'च्या गोटातून पीट वॉटरमन यांनी मतदानावरच संशय घेतला. खोलीचं दार लावून, चादर डोक्यावरून ओढून गाणी ऐकणारी माणसं मत द्यायला मात्र एकजात बाहेर पडली असणार. त्याच वर्षी 'टायगरमिल्क' नव्याने बाजारात आला आणि कुणालाही मिळू लागला. ज्यांच्याकडे त्या हजारांतली एक प्रत होती, त्यांना याचा आनंद झाला असेल असं मला वाटत नाही.

समीक्षकांचं तरी काय सांगावं? १९९८ च्या 'द बॉय विथ द अरब स्ट्रॅप' या अल्बमला 'पिचफोर्क'ने दहापैकी शून्य पूर्णांक आठ गुण दिले होते. शून्य दिलं असतं तर रागाच्या भरात दिलं म्हणता आलं असतं. हा दशांश चिन्हानंतरचा आठ कुणीतरी शांतपणे बसून काढला आहे. तोच अल्बम पुढे लोकांनी लाडका करून ठेवला.

पण खरी खळबळ २००३ ची. 'डिअर कॅटॅस्ट्रॉफी वेट्रेस' या नव्या अल्बमसाठी निर्माता म्हणून आले ट्रेव्हर हॉर्न. म्हणजे 'बगल्स'मधले हॉर्न, 'फ्रँकी गोज टू हॉलिवूड'चं 'रिलॅक्स' घडवणारे हॉर्न, आणि नुकतंच 'टाटू' या रशियन मुलींचं गाणं गाजवून मोकळे झालेले हॉर्न. घरच्या श्रीखंडाला कारखान्याचं झाकण बसावं, तसा धक्का चाहत्यांना बसला. अल्बम ऐकल्यावर तर तक्रारीला पुरावाच मिळाला: तंतुवाद्यं भरघोस, ठेका पक्का, ब्रास वेळेवर आत येऊन वेळेवर बाहेर जाणारा. थोडक्यात, बँडने तालीम केली होती. इतकी वर्षं ज्या डळमळण्याला आपण प्रामाणिकपणा म्हणत होतो, तो केवळ सरावाचा अभाव असू शकतो, ही शंका कोणत्या चाहत्याला झेपेल?

समीक्षकांनी मात्र बहुतांशी स्वागत केलं; २००४ च्या मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीतही अल्बमचं नाव लागलं. (पारितोषिक नेलं 'फ्रान्झ फर्डिनांड'ने. तेही ग्लासगोचेच, आणि त्यांच्याकडून कुणी लाजण्याची अपेक्षा कधी ठेवली नव्हती.) मी इथे निःसंकोच समीक्षकांच्या बाजूला आहे. हॉर्ननी मर्डॉकच्या खट्याळपणाला आवाज दिला. हा माणूस दुःखी असण्यापेक्षा विनोदी जास्त आहे, हे आधीच्या अल्बमांतही होतंच. फक्त ते ऐकायला कान स्पीकरला चिकटवावा लागे. आणि 'लॉर्ड अँथनी' हे शाळेत छळल्या जाणाऱ्या मुलाचं जुनं गाणं याच चकचकीत अल्बमात अखेर नीट ध्वनिमुद्रित झालं, तेही इतक्या हळुवारपणे की कट्टर चाहत्यालाही त्या चार मिनिटांपुरता राग बाजूला ठेवावा लागावा.

माझा एक मित्र त्या कट्टरांपैकी. 'हॉर्नने वाट लावली' हे त्याचं मत त्याने कधी लपवलं नाही. बँडने अटलांटाला जाऊन थेट नाचायच्या ठेक्यांचा अल्बम केला आणि तो २०१५ मध्ये आला, तेव्हा मी मुद्दाम त्याचं मत विचारलं. त्याने हेडफोन काढला, मान हलवली आणि म्हणाला, "नुसता धांगडधिंगा रे. 'वेट्रेस'च्या वेळी कसे साधे होते!"