फडावर कोण जाणार?

जन्म कुठला? याआधी कुठे राहत होता? इथे का आलात? येऊन किती दिवस झाले? 2011 च्या जनगणनेतले हे 23 ते 26 क्रमांकाचे प्रश्न. देश कुठून कुठे सरकतोय, हे देशातल्या प्रत्येक दारी विचारून कळण्याची सोय एवढीच.

या चार प्रश्नांनी काय सांगितलं? 45 कोटींहून जास्त माणसं आधीचं ठिकाण सोडून आलेली. शंभरातली सदतीस! त्यातली परराज्यातून आलेली जेमतेम साडेपाच कोटी. बाकीची बहुतेक आपल्याच राज्यात हललेली.

‘बाहेरचे आले, बाहेरचे आले’ म्हणून गळा काढणाऱ्यांनी हा आकडा आधी वाचावा.

नुसता जन्म विचारून भागत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. सोलापुरात जन्मलेलं बाळ सव्वा महिन्यानं पुण्याला आलं की जन्मस्थळाच्या हिशेबात कायमचं स्थलांतरित. उलट वीस वर्षं सुरतेत राबून गावी परतलेला माणूस त्याच हिशेबात कधी हललेलाच नाही. म्हणून 1971 मध्ये मागच्या मुक्कामाचा प्रश्न आला, 1981 मध्ये कारणाचा.

प्रश्न सुधारले. महिना?

मोजणी फेब्रुवारीत होते. फेब्रुवारीत बीडचा ऊसतोड कामगार कुठे असतो? दिवाळीच्या सुमारास उचल (आगाऊ रक्कम) घेऊन मुकादमाच्या टोळीबरोबर गेलेला तो तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर असतो. गावात दाराला कुलूप, उंबऱ्यात फार तर म्हातारी.

नियम स्पष्ट आहे. मोजणीच्या संपूर्ण काळात घरी नसलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजायचा. पण कारखान्याजवळच्या कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, पहाटे गेलं तर माणसं तोडीला निघालेली, दुपारी गेलं तर फडात. सापडणार कधी? आणि म्हातारीनं भाबडेपणानं ‘आमचीच पोरं’ म्हणून नावं गावात लिहून दिली, तर चार-सहा महिन्यांचं स्थलांतर कागदावरून साफ पुसलं जातं.

ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघं मिळून तोडतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून गाडीत भरतात. पण कारण विचारलं की त्याचं ‘काम’ आणि तिचं? ‘कुटुंबाबरोबर आली’. गावी मोजली गेलीच, तर ‘लग्न’. दिवसभर ऊस तोडणाऱ्या बाईचं काम एका खुणेत नाहीसं होतं.

आकडा नसेल तर मागणार काय? हंगामी वसतिगृहं किती हवीत, फडाजवळ दवाखाना कुठे हवा, हे ठरवायचं कशावर?

त्यात 2021 ची जनगणना झालीच नाही. 2020 च्या टाळेबंदीत लाखो मजूर पायी निघाले, तेव्हा हाताशी आकडे होते 2011 चे. त्या जनगणनेतल्या स्थलांतराचे सविस्तर तक्तेही बाहेर यायला 2019 उजाडलं होतं!

आता मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये. म्हणजे पुन्हा ऐन गाळपात.

तेव्हा प्रशासनानं साखर कारखान्यांकडून टोळ्यांच्या याद्या आधीच घ्याव्यात, प्रगणकाला संध्याकाळी कोप्यांवर पाठवावं आणि बाईचं काम बाईलाच विचारावं. प्रगणक म्हणून फिरणाऱ्या बीडच्या शिक्षकांनी कुलूपबंद घराची माहिती शेजाऱ्याकडून भरू नये. आणि वाचकहो, तुमच्या गावाच्या शिवारात टोळी उतरली असेल, तर प्रगणकाला तिथवर घेऊन जा.