शब्दार्थवाले काका

ज्या घरात तीन ते आठ वर्षांचं मूल असतं, त्या घरी हे काका हमखास येतात. निमित्त काहीही असो, पत्रिका द्यायची, सोसायटीच्या मीटिंगची सही घ्यायची, नाहीतर ‘सहज इकडून चाललो होतो’. पण चहाचं आधण चढेपर्यंत त्यांची नजर पडद्याआड लपलेल्या पोराला शोधून काढते.

“काय रे, कितवीत तू?”

ही नांदी. ‘सीनिअर केजी’ असं उत्तर आलं की काका सोफ्यावर चार बोटं पुढे सरकतात. “मग सांग बरं, ब्रिंजल म्हणजे काय?”

हेच काका मंडईत “काटेरी वांगी कशी दिली?” असंच विचारतात. वांग्याचं ब्रिंजल फक्त दुसऱ्याच्या मुलासमोर होतं. भाज्या, पक्षी, नातीगोती आणि शरीराचे अवयव ही त्यांची चार हुकमी प्रकरणं. त्याबाहेरचा प्रश्न सहसा येत नाही, कारण पेपर काढणारे तेच आणि तपासणारेही तेच. मूल गप्प राहिलं तर आई कसनुसं हसत म्हणते, “सांग ना बाळा, काल येत होतं तुला!” मग काका समाधानाने बिस्किट बुडवतात. “पाया कच्चा राहतो हो हल्ली.”

त्यांचा पाया मात्र भलताच पक्का. थोरल्या भावाला इंग्रजी आठवीत भेटलं, काकांना पाचवीत. एकाच घरात वाढलेल्या दोघांत तीन वर्षांचं इंग्रजी कमीजास्त, आणि ही तफावत काकांनी भावाला कधी विसरू दिली नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा पहिला भाग आणि कडा दुमडलेली वीरकरांची डिक्शनरी त्यांच्या कपाटात अजून आहे. शेजारी लाल पुठ्ठ्याची वही. तिच्यात पट्टीने आखलेले तीन रकाने : स्पेलिंग, उच्चार, अर्थ. २००० साली सरकारने मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून सुरू केलं, तेव्हा काकांना आनंद झाला, पण थोडा रागही आला. आपण पाचवीपर्यंत ज्याची वाट पाहिली, ते या पोरांना दुधाचे दात पडायच्या आत फुकटात!

म्हणून सायलेंट अक्षरांवर त्यांचा विशेष जीव. “नाईफच्या आधी काय?” मुलाला ठाऊक नसतं. “के! पण सायलेंट.”

“बोलायचा नाही, तर लिहायचा कशाला?”

“परीक्षेत मार्क जातात.”

खरं तर हा के इंग्रज लोक एके काळी चांगला खणखणीत उच्चारत होते. सतराव्या शतकात तो त्यांच्या तोंडातून गेला, पण सातबाऱ्यावर मयत आजोबांचं नाव राहावं तसा स्पेलिंगात राहून गेला. काकांना हे कोणी सांगितलं तर तेही ते वहीत उतरवून घेतील, पण रकाना कुठला, या विचारात अडकतील.

गंमत होते ती इंग्रजी माध्यमातल्या पोराशी गाठ पडते तेव्हा. त्याचं इंग्रजी तक्त्यावरून आलेलं. इग्लू, याक, झायलोफोन, यातलं काहीही उभ्या तालुक्यात नाही, पण त्याला सगळं चित्रासकट पाठ. अर्थ मराठीतच सांगायचा असतो, हा काकांच्या वहीचा कायदा त्याच्या गावीही नसतो.

“स्पॅरो म्हणजे?”

“छोटी ब्राउन बर्ड.”

“मराठीत रे!” पोरगं आईकडे बघतं. आई छताकडे बघते.

काका अवयवांकडे वळतात. “बरं, अँकल म्हणजे काय?”

“तुम्ही!”

घरभर हशा होतो. काका मात्र हसत नाहीत. “अंकल नव्हे, अँकल. अँकल म्हणजे घोटा!”

“घोटा म्हणजे काय?”

इथे तिन्ही रकाने संपतात. काका क्षणभर इकडेतिकडे बघतात. मग वाकून पँट वर करतात, मोजा खाली सरकवतात आणि ते हाड बोटाने ठोकून दाखवतात. पोरगं जवळ येऊन हात लावून बघतं, मग स्वतःचा घोटा चाचपतं. या घरात आज शिकवला गेलेला हा एकच शब्द, पण इंग्रजी आणि मराठी दोन्हीकडून पक्का.

आता पोराला चेव चढतो. “काका, ट्रायसेराटॉप्स म्हणजे काय?”

काकांचा कप बशीवर वाजतो. भाजी नाही, पक्षी नाही, नातंही नाही.

“डायनोसॉर! तीन हॉर्न असतात ना त्याच्या फेसवर, म्हणून!”

काका घसा खाकरून राखीव हत्यार बाहेर काढतात. “स्पेलिंग सांग.”

केजीतलं पोर ते कुठून सांगणार? काका विजयी मुद्रेने उठतात, “लिहून लिहून पाठ केलं पाहिजे” असा आशीर्वाद देतात आणि चपला घालतात. जिना उतरताना मात्र खिशातून पेन काढून तळहातावर काहीतरी खरडतात. रात्री डिक्शनरीत तो प्राणी सापडत नाही. मग नातीच्या मोबाइलवर शोध घेऊन लाल वहीत पाचवं प्रकरण उघडलं जातं.

पुढच्या रविवारी वरच्या मजल्यावरच्या दुसरीतल्या मुलीला पहिलाच प्रश्न येतो, “सांग बरं, ट्रायसेराटॉप्स म्हणजे काय? आणि स्पेलिंगसकट हं!”