अनुस्वारावर नेम

गेमिंग माऊस फक्त गेम खेळणाऱ्यांसाठी असतो, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी एकदा दिवाळी अंकाची पानं लावून पाहावीत. गेम खेळणारा पोरगा रात्री दोन-तीनला का होईना, थकून झोपतो. मी डीटीपीवाला. श्रावण लागला की माझा उजवा हात माऊसवर जातो, तो नरक चतुर्दशीला अंगाला तेल चोळायलाच बाहेर येतो. मधल्या काळात मी करतो तीही नेमबाजीच. त्यांच्या नेमावर शत्रूचं डोकं असतं, माझ्या नेमावर अनुस्वार. पडद्यावर दोन्हींचा आकार साधारण सारखाच. शत्रू पळतो आणि अनुस्वार जागेवर बसून असतो, हे मान्य. पण हुकलेला शत्रू दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन करून "माझ्या कवितेतल्या ‘मंद’चं तुम्ही ‘मद’ केलंत" असं सुनावत नाही.

गेल्या हंगामात करंगळी सोडून बाकीच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी मनगट दाबलं, वाकवलं, त्यावर टिचक्या मारल्या आणि समजावून सांगितलं. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस अशी दहा जणं जातात. गणपतीच्या दिवसांतली तुळशीबागच ती. कुणी जरा सुजलं की चेंगरते ती बिचारी नस. "माऊस कमी वापरा," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत हाताला विश्रांती द्या." महिना सप्टेंबर. त्यांच्या वेटिंग रूममध्ये मागच्या वर्षीचे दिवाळी अंक पडले होते आणि त्यातला एक मीच लावलेला होता. पेशंट वाट बघत बसतात तेव्हा जे वाचतात ते कुणाच्या मनगटातून येतं, याचा विचार वैद्यकशास्त्राने केलेला दिसत नाही.

तो विचार केला होता माझ्या भाच्याने. इंजिनिअरिंगला म्हणून तो आमच्याकडे राहतो, म्हणजे व्हॅलोरंट खेळायला. माझ्या टेबलाशी येऊन त्याने माझा माऊस दोन बोटांत धरून उचलला.

"मामा, हा कुठून आणलास?"

"आणला नाही. कॉम्प्युटरबरोबर आला."

त्याने तो खाली ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मलाच मुंग्या आल्या.

त्याचं बरोबर होतं. आमच्या ऑफिसात झेरॉक्सच्या कागदासाठी कोटेशनं मागवतात. खुर्च्या घ्यायच्या तर भागीदार दोन शनिवार त्यांवर बसून बघतात. पण दिवसातले आठ-दहा तास जी वस्तू प्रत्यक्ष हातात असते, ती कुणीच निवडत नाही. बँकेत तेच, तहसील कचेरीत तेच. डग्लस एंगलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशने १९६४ साली पहिला माऊस बनवला तो लाकडाचा होता, चौकोनी ठोकळा आणि खाली दोन चाकं. हाताला तो कसा लागत असेल ते दिसतंच आहे. पण तो निदान पहिला होता. माझा साठ वर्षांनंतरचा होता आणि त्यालाही हाताबद्दल तेवढीच माहिती होती. पोटासाठी माऊस हलवणाऱ्या कोट्यवधी माणसांनी जे कधी विचारलं नाही, ते खेळासाठी हलवणाऱ्या पोरांनी विचारलं: हा हातात नीट बसतो का?

"हात दाखव," भाचा म्हणाला. मी सवयीने तळवा वर केला. त्याने तो पालथा करून टेबलावर ठेवला. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेघेपर्यंत लांबी आणि अंगठा सोडून पंजाची रुंदी, ही दोन मापं लागतात. माझ्या हाताशी पायका आणि इंचांचीच पट्टी होती. त्यामुळे माझा हात ४४ पायका लांब निघाला. ते त्याने साडेअठरा सेंटिमीटर असं करून घेतलं आणि "मीडियम" असा निकाल दिला. वृत्तपत्राचा एक चांगला रुंद कॉलम होईल एवढा हात असून मीडियम!

मग पकड. सगळा तळवा माऊसवर टेकवून बसणारे ते पाम ग्रिपवाले. तळव्याचा मागचा भाग टेकवून बोटं वाकवणारे क्लॉ ग्रिपवाले. आणि नुसत्या बोटांच्या टोकांनी धरणारे फिंगरटिपवाले. पामवाल्याला उंच पाठीचा, लांब माऊस लागतो. फिंगरटिपवाल्याला बुटका आणि हलका. भाच्याने मला काम करताना अर्धा तास निरखलं आणि तो गोंधळात पडला. मजकूर ओततो तेव्हा माझी पाम, फोटो कापतो तेव्हा क्लॉ, आणि रफार अर्धा पॉइंट डावीकडे सरकवायचा असला की श्वास रोखून फिंगरटिप. "आणि संपादक मागे उभे असले की मामा माऊस मुठीत आवळतो," अशी भर माझ्या भागीदाराने घातली. त्या पकडीला गेमिंगच्या जगात अजून नाव नाही.

आकार हीच खरी गोष्ट, बाकी सगळा खोक्यावरचा मजकूर, हे भाच्याचं मत मला पटलं. झोवी कंपनीच्या ईसी माऊसचं नाव एमिल क्रिस्टेनसन या स्वीडनच्या काउंटर-स्ट्राइक खेळाडूच्या आद्याक्षरांवरून आलेलं आहे, कारण आकार ठरवताना त्याला बरोबर घेतलं होतं. म्हणजे कंपनीने वापरणाऱ्याला बोलावून विचारलं. मराठी डीटीपीवाल्याला अजून फॉन्ट बनवणाऱ्यांनीही बोलावलेलं नाही.

पण खोक्यावरचा मजकूर वाचण्यासारखा असतो हे कबूल. भाच्याने पसंत केलेल्या माऊसवर २५,६०० डीपीआय असं लिहिलं होतं. डीपीआयचा आणि माझा जन्माचा संबंध. छपाईला ३०० डीपीआयचा फोटो लागतो आणि लेखक व्हॉट्सॲपवरून धाडतात तो जेमतेम ७२चा, त्यातही स्वतः दोन पिढ्या लहान असतानाचा. माझी उमेद लेखकांकडे डीपीआय मागण्यात गेली, आणि हा मूठभर प्राणी पंचवीस हजार सहाशे घेऊन बसलेला! भाच्याने हिशेब मांडला. माझा पडदा १९२० ठिपके रुंद. एवढ्या डीपीआयवर हात दोन मिलिमीटरही हलायच्या आत बाण या टोकाचा त्या टोकाला पोचतो. म्हणजे मी नुसता शिंकलो तरी मुखपृष्ठावरून मलपृष्ठावर. खरे खेळणारे ४०० किंवा ८००वर खेळतात. आठशेवर पडदा ओलांडायला सहा सेंटिमीटर हात हलवावा लागतो, आणि तेवढ्यात माणसाला आपण कुठे चाललोय याचा विचार करता येतो. पंचवीस हजार कशाला, तर खोक्यावर छापायला.

त्याच खोक्यावर वेग होता, सेकंदाला ४०० इंच. म्हणजे ताशी साधारण ३६ किलोमीटर. एवढ्या वेगाने लक्ष्मी रस्त्यावर रिक्षासुद्धा जात नाही. माझ्या टेबलावर कोण जाणार होतं? शिवाय ४० जीचा प्रवेग. लढाऊ विमानाचा वैमानिक खास सूट घालून नऊ जी सोसतो. मी सदऱ्यावर असतो. आणि दिवे: १ कोटी ६८ लाख रंगांत चमकणारे. त्यातले छापखान्याच्या चार शाईत किती उतरतात ते मला विचारा; निळ्याचा जांभळा होऊन घरी आलेली मुखपृष्ठं मी पाहिली आहेत. दिवे मी पहिल्या संध्याकाळीच बंद केले.

वजनाची गोष्ट मात्र मनापासून आवडली. एका काळी जड माऊस म्हणजे भारी माऊस. लॉजिटेकच्या जी५०२बरोबर ३.६ ग्रॅमची पाच वजनं मिळायची, पोटात घालायला. मग लाट फिरली. २०१९च्या ग्लोरियस मॉडेल ओच्या पाठीला मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आणि वजन ६७ ग्रॅमवर आणलं. पुढच्या वर्षी लॉजिटेकने भोकं न पाडता ६३च्या आत बसवला. हलका माऊस उचलायला आणि थांबवायला कमी जोर लागतो, बोटांवर ताण कमी, यात तथ्य आहे. मला खटकतं ते एवढंच की त्या दिवशी डॉक्टरांनी माझंही वजन केलं होतं, आणि कमी करण्याची ती लाट घरात फक्त माऊसपर्यंत पोचली.

दुकानात गेलो तर माऊस हातात घेऊन बघता येत नाही. खोकं सीलबंद. "सर, सील फोडलं की घ्यावा लागेल." पेनाच्या दुकानात दहा रुपयांच्या रिफिलसाठी कागद पुढे करतात, रेघोट्या मारू देतात. इथे पाच हजार मोजायचे ते चित्र बघून. भाच्याने यावर आधीच उपाय केला होता. त्याच्या मित्रांकडून चार-पाच माऊस एका संध्याकाळपुरते आणले आणि मी एकेकावर पानं लावून पाहिली. पोरं भोवती उभी राहून बघत होती. "काका, तुम्ही हे रोज करता?" एकाने विचारलं. "कितव्या लेव्हलला आहात?" दिवाळी विशेषांक, पान १४२, असं मी सांगितलं.

शेवटी घेतला तो उजव्या हाताचा, फुगीर पाठीचा, दिव्यांवाचून शोभणारा. पण खरा फरक पडला तो माऊसने नव्हे, त्याच्याखालच्या कापडाने. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पॅडकडे कुणी बघतच नाही. माझा आधीचा पॅड एका कागद कंपनीने कॅलेंडरबरोबर भेट दिलेला होता, त्यावर कंपनीचं नाव गुळगुळीत छापलेलं. माऊसच्या पोटात एक बारका कॅमेरा असतो. तो सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि लागोपाठचे फोटो ताडून आपण किती सरकलो ते ठरवतो. त्याला बारीक विणीचा, एकसारखा पृष्ठभाग लागतो. गुळगुळीत छपाईवरून जाताना त्याची दिशाभूल होत असणार. कंपनीच्या नावातल्या ‘पेपर्स’वर आला की माझा बाण अडखळायचा, तो का, हे मला इतक्या वर्षांनी समजलं.

कापडी पॅडमध्येही जाती आहेत. काही घसरते, काही धरून ठेवणारे. उडत्या, धावत्या लक्ष्यामागे माऊस सतत फिरवायचा असेल तर घसरता चांगला. गर्रकन जाऊन नेमक्या जागी थांबायचं असेल तर धरून ठेवणारा. मला थांबायचं असतं; अनुस्वाराच्या पुढे गेलं की चंद्रबिंदू. पण फार धरणाराही नको, कारण मग सुटतानाच जोर लागतो आणि सुटला की एकदम चार ठिपके पुढे जातो. जपानची आर्टिझन कंपनी हे पॅड इतक्या मन लावून करते की एकाच कापडाखाली स्पंज मऊ हवा की कडक, तेही विचारते. झीरो, हिएन, रायदेन ही त्यांच्या पॅडची नावं. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी लढाऊ विमानांचीही हीच. एवढं नाव असलेल्या वस्तूवर चहाचा कप ठेवायला धजावलो नसतो, म्हणून साधा घेतला.

आकाराने मात्र मोठा. भाच्याने त्याचं कारण सांगितलं ते डॉक्टरांनी सांगायला हवं होतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये ४०० डीपीआय आणि सेन्सिटिव्हिटी दोन ठेवली तर नुसतं मागे वळून बघायला माऊस २६ सेंटिमीटर सरकवावा लागतो, वीतभराहून जास्त. एवढं अंतर मनगटाने कापता येत नाही. कोपरापासून हात हलवावा लागतो. मनगट सरळ राहतं, काम दंडाचे मोठे स्नायू करतात. मी माझा वेग उतरवला, कोपर टेबलावर आणलं, खुर्ची दोन इंच चढवली. पहिले काही दिवस एक फोटो उचलून पलीकडच्या पानावर ठेवायचा म्हणजे व्यायाम वाटायचा. मुंग्या मात्र कमी झाल्या. औषधंही चालू होती, त्यामुळे श्रेय कुणाचं यावर डॉक्टर आणि भाचा यांचं एकमत नाही.

नव्वद सेंटिमीटर लांब, काळा, शिवलेल्या काठांचा पॅड घरी उलगडला तेव्हा आई म्हणाली, "आसन छान आहे रे, पण काळं कशाला आणलंस?" दुसऱ्या दिवशी सकाळी तो देवघरासमोर होता.

टेबलावर परत आणल्यावर पावसाने गाठलं. दमट हवेत कापडी पॅड जड होतो, वर हाताचा घाम. कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवायचा, पिळायचा नाही, सपाट वाळवायचा. हे सगळं ऐन भाद्रपदात, पुण्यात. पंख्याखाली पॅड वाळत होता आणि मी पुन्हा कागद कंपनीच्या आश्रयाला. माऊसच्या तळाला टेफ्लॉनचे पाय असतात, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. ते ऐकून बायको म्हणाली, "मग त्याला तारेची घासणी लावू नकोस." या घरात माऊसबद्दल मिळालेला हा सर्वांत कामाचा सल्ला.

आता एकच खोड उरली आहे. साधा माऊस कॉम्प्युटरला सेकंदाला सव्वाशे वेळा आपली खबर देतो. हा हजार वेळा देतो, आणि आठ हजार वेळा देणारेही निघाले आहेत. डोळ्यांनी बघून बोट हलायला माणसाला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात, माझ्या वयात त्यात चष्मा शोधण्याचा वेळ मिळवा. तरी माऊस बापडा दर मिलिसेकंदाला हजर. पान १४२ रिकामं आहे. ज्यांचा लेख तिथे यायचा आहे त्यांना फोन केला, तर म्हणाले, "झालाच आहे, फक्त उतरवायचा राहिलाय. उद्या नक्की."