पिवळी प्रत फाइलला

गाइड जवळ येताना दिसला की बीरगांवच्या मामांचा चेहरा बदलतो. वेरूळ असो, आग्रा असो की त्यांच्या घरचंच म्हणावं असं सिरपूरचं लक्ष्मण मंदिर, मामा लांबूनच पंजा दाखवतात. "भाऊ, अपन सेल्फ-गाइडेड आहोत." एवढं सांगून गाइडला वाटेला लावतील तर ते मामा कसले? ते त्याला शेजारी उभा करतात आणि देऊळ समजावून सांगतात.

बीरगांव रायपूरला खेटून आहे, उरल्याच्या कारखान्यांच्या पदरात. गच्चीवर सांडगे वाळत घातले तर संध्याकाळी काळे होऊन खाली येतात. आपले पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर छत्तीसगढात आले असं रायपूरकडच्या पुष्कळ मराठी घरांत सांगतात. मामांच्या घरी ते जरा वरच्या पट्टीत सांगतात. मामांनी स्वतः मात्र तलवारीऐवजी कार्बन पेपर हाती धरला. उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये ते डिस्पॅचला होते. ट्रक लागला, सळ्या भरल्या, धरमकाट्यावर चढवला, चालान फाडलं: पांढरी प्रत पार्टीला, गुलाबी ड्रायव्हरला, पिवळी फाइलला. मिलने त्यांना रिटायर केलं, पण उरलेली चालान बुकं ते घरी घेऊन आले.

समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर राहणाऱ्या, खारून नदीलाही पुलावरूनच नमस्कार करणाऱ्या माणसाला बंदराचं वेड का लागावं, हे मला कळत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "बंदर म्हणजे काय रे? डिस्पॅच. दुसरं काय आहे त्यात?"

तर मामा-मामी गीतांजलीने मुंबईला माझ्याकडे आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी माझ्या हातात गुलाबी प्रत ठेवली. मुंबईच्या जुन्या बंदरभागाची पायी फेरी, प्रारंभ जीपीओ, शेवट गेटवे. 'मालाचे वर्णन' या रकान्यात इमारतींची नावं, 'नग' खाली एक-एक, 'वजन' खाली अंदाज आणि शेवटी 'शेरा'. खाली मामांची सही आणि मिलचा जुना रबरी शिक्का. मामींनी आपली प्रत घडी न मोडता पर्समध्ये टाकली आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "आपण दोघी थेट शेवटच्या नगावर जाऊ या. हे पोचतील तेव्हा पोचतील."

माझी सगळी नोकरी फोर्टात गेली. बॅलार्ड इस्टेटमधून मी हजार वेळा गेलो असेन, पण तिथल्या जमिनीला दाद देणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. १९१४ साली सुरू झालेली अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आताची इंदिरा गोदी, खणताना निघालेली माती शेजारीच समुद्रात भर म्हणून टाकली आणि त्या भरावावर ही वसाहत उठली. मामा फुटपाथवर बुटाची टाच आपटत म्हणाले, "माल गेटबाहेर गेलाच नाही! बाजूला टाकला, त्याचेच प्लॉट पाडले. ट्रान्सपोर्ट शून्य. याला म्हणतात मॅनेजमेंट." कर्नल बॅलार्ड हा पोर्ट ट्रस्टच्या सुरुवातीचा कारभारी आणि इमारतींचं एकसारखं रूप ठरवणारा जॉर्ज विटेट गेटवेचाही वास्तुकार, या गोष्टी मामांना पाठ होत्या, त्यांनी त्या 'संबंधित पार्टी' म्हणून एका ओळीत उरकल्या.

विटेटने इमारतींना शिस्त लावली ती मामांना नडली. उंची एक, दगडाचा रंग एक, कमानी त्याच. चालानावर लिहिलेलं, 'कमानीची बिल्डिंग, तिथून उजवीकडे'. आम्ही कमानीच्या बिल्डिंगवरून उजवीकडे वळत राहिलो. तोच भजीवाला पुन्हा दिसला तेव्हा मी म्हटलं, "मामा, विचारू या का कोणाला?"

"विचारायचं असतं तर गाइडच नसता केला?"

तेवढ्यात पाठीवर चौकोनी पिशवी लावलेला डिलिव्हरीचा पोरगा थांबला आणि त्याने नेमका मामांनाच पत्ता विचारला. मामांनी त्याचा मोबाइल आडवा केला, उभा केला, परत आडवा केला आणि हात लांब करून म्हणाले, "सीधा. फिर कमान से दाहिने." दहा मिनिटांनी तोच पोरगा समोरून घामाघूम येताना दिसला. मामा त्याला म्हणाले, "हां, बरोबर चाललाय."

खरी पंचाईत वेगळीच होती. बंदरभागातून दोन तास चालूनही आम्हाला पाण्याचा थेंब दिसला नव्हता. मुंबईकराला याचं काही वाटत नाही. पूर्वेचा किनारा गोद्यांचा, मध्ये भिंत आणि भिंतीमागे कुठेतरी समुद्र असेल, अशा श्रद्धेवर आपण जगतो. मामांची श्रद्धा पोहोच-पावतीवर. ते गोदीच्या गेटवर गेले आणि जवानासमोर त्यांनी गुलाबी प्रत धरली. जवानाने वाचली, उलटी करून वाचली. शिक्क्यावर त्याचं बोट थांबलं.

"उरला? कहाँ ले आए हव?"

"बीरगांव ले!"

"अरे ददा! मैं दुर्ग के हंव."

मग काय विचारता? उरल्याचा धूर, भनपुरीचा जाम, यंदाचं धान, सगळं निघालं. मामांचा आवाज मोकळा झाला. मराठीत ते चालान वाचल्यासारखे बोलतात, छत्तीसगढीत माणसासारखे. शेवटी त्यांनी सहज म्हणून एक पाऊल गेटच्या आत टाकलं. जवानाने तितक्याच प्रेमाने ते बाहेर ठेवायला लावलं. "पास लगही, कका." मामांना राग आला नाही, उलट अभिमान वाटला. "बघ. ओळख असून सोडलं नाही. आपल्याकडचा आहे."

भिंतीपलीकडे उत्तरेला व्हिक्टोरिया गोदीची जागा आहे असं नकाशा सांगत होता, आणि मामा तिथे उभे राहून सगळ्यात जास्त वेळ बोलले. १४ एप्रिल १९४४. फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज, पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा. शिवाय कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी, लाकूड, तेलाची पिंपं आणि भंगार लोखंड. गाठींना आग लागली, दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले. शेकडो माणसं गेली. आग विझवायला धावलेले ६६ अग्निशामक जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ आजही १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात. जहाजात सोनंही होतं: ३१ पेट्या, पेटीत चार विटा, वीट पावणेतेरा किलोंची. त्यातल्या काही विटा लांबवर उडाल्या. ऐकणारा माणूस इथे हमखास सोन्याकडे वळतो. मामांनी सोन्याचा हिशेब तोंडी केला, दीड टनाच्या वर, आणि बाजूला ठेवला. त्यांचा संताप वेगळ्याच ठिकाणी होता.

"कापूस आणि बारूद एका जहाजात? वर तेलाची पिंपं? लोडिंग शीटवर सही कोणाची आहे?"

"मामा, युद्ध चालू होतं. जहाजं कमी होती. कप्तानानेही कुरकुर केली होती म्हणे."

"कुरकुर तोंडी केली असेल. लेखी दिली होती का?" आणि शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी पेन दाबून लिहिलं: 'लोडिंग चूक. जबाबदारी निश्चित नाही.' स्फोटाबद्दल मी बरंच वाचलं आहे. याहून नेमकं वाक्य मला आठवत नाही.

पुढची ठिकाणं भराभर झाली. टाउन हॉलच्या तीस पायऱ्या मामांनी मोजल्या, बरोबर भरल्या. 'मुंबई समाचार'च्या लाल इमारतीसमोर १८२२ हे साल ऐकून ते थोडे खट्टू झाले, कारण माधवराव सप्र्यांनी काढलेलं छत्तीसगढातलं पहिलं मासिक 'छत्तीसगढ मित्र' हा मामांचा मोठा आधार, आणि ते १९०० सालचं. हॉर्निमन सर्कलच्या बागेला प्रदक्षिणा झाली, ती मात्र झाडांसाठी नव्हे. लोखंडी कुंपणाची वेल्डिंग कुठे नवी आहे ते त्यांना बघायचं होतं. सेंट अँड्र्यूज चर्चपाशी मात्र ते परत रुतले. तिथे शेजारी एकेकाळी बर्फघर होतं आणि त्यात थेट अमेरिकेहून जहाजाने आलेला बर्फ ठेवत. १८३३ साली कलकत्त्याला पहिला बर्फ आला तेव्हा बोस्टनला १८० टन चढवला होता, उतरला शंभराच्या आसपास.

"म्हणजे घट चव्वेचाळीस टक्के!" मामांचे डोळे चमकले. "आमच्याकडे ट्रकमागे दहा किलो कमी भरले तर मालक ड्रायव्हरला उभा करायचा. आणि हे ऐंशी टन रस्त्यात सोडून आले, तरी पार्टीने हार घातले असतील!"

लायन गेटपाशीही आम्हाला आत सोडलं नाही. नौदलाची गोदी, तिथे कोण सोडणार? लवजी वाडियाच्या घराण्याने इथे बांधलेलं ट्रिंकोमाली हे १८१७ सालचं सागवानी जहाज इंग्लंडात अजून तरंगतं आहे, एवढं मामांनी गेटवरच्या सिंहांना सांगितलं आणि चालानावर टिक मारली.

गेटवेला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. पाणी दिसलं, पण मामांची मान आधी वर गेली. २ डिसेंबर १९११ ला इंग्लंडचा राजा इथे उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच, ती १९२४ साली खुली झाली. "माल आधी, गेट तेरा वर्षांनी. पीडब्ल्यूडी सगळीकडे सारखीच." तेवढ्यात लाँचच्या पायऱ्यांवरून हाक आली, "अहो!"

मामी आणि माझी बायको लाँचमधून उतरत होत्या. मामींचे केस वाऱ्याने विस्कटलेले, हातात खारे शेंगदाणे. "अहो, किती सुंदर! सगळं बंदर फिरून आलो. नेव्हीची जहाजं काय, क्रेन काय, आणि ती तुमची भिंत काय! तिच्या मागे इतकी जहाजं उभी आहेत. पाण्यातून सगळं उघडं दिसतं."

मामा क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "तिकीट घेतलं होतं?"

"मग? फुकट कोण नेतो?"

"लाँचवाल्याने माहिती सांगितली का?"

"सांगत होता बापडा. मी शेंगदाणे खात होते."

"म्हणजे गाइड झाला," मामा माझ्याकडे वळून म्हणाले आणि त्यांनी नवं चालान उघडलं. कार्बन सरळ केला. मालाचे वर्णन: बंदर, आतील बाजू. नग: मोजले नाहीत. शेरा: 'सौ.कडून प्रत्यक्ष पाहणी. पडताळणी बाकी.' पेन मामींपुढे धरलं.

मामींनी शेंगदाण्याचं मीठ लागलेला अंगठा तिन्ही प्रतींवर उमटवला आणि विचारलं, "आता जेवायला कुठे जायचं ते तरी कोणाला तरी विचाराल का?"