सामाईक बांध

‘तोंड आलंय’ असं घरात नुसतं म्हणून बघावं. आत्या जाईचा पाला चघळायला सांगते, शेजारचे काका पोटावर खापर फोडतात, मेव्हणा जागरणांवर, आणि केमिस्ट काही न विचारता बी-कॉम्प्लेक्सची पट्टी पुढं सरकवतो. सगळेच बरोबर ठरतात. साधा फोड आठवड्यात, फार तर दोन आठवड्यांत आपला आपणच बरा होतो. श्रेय जाईला जातं.

दोन आठवडे उलटूनही तो हलला नाही, की पेच पडतो. जायचं कुणाकडे? दात दंतवैद्याचे, घसा कान-नाक-घसावाल्यांचा. मधली जीभ आणि गालाची आतली बाजू म्हणजे भावकीतला बांध. नाव सगळ्यांचं, तण काढायला कुणी नाही.

माझं मत विचाराल तर पहिला मान दंतवैद्याचा. दाढ ठणकल्याशिवाय त्या खुर्चीत बसायचं नसतं, अशी आपली ठाम समजूत. पण जिभेखाली आणि गालाच्या कोपऱ्यात रोज डोकावणारा माणूस दुसरा कोण आहे? पुष्कळदा गुन्हेगार शेजारीच सापडतो : तुटून टोकदार झालेली दाढ किंवा घासणारी कवळी. टोक घासून गुळगुळीत केलं की फोडाचा मुक्काम हलतो. डेंटल कॉलेजात तर ‘ओरल मेडिसिन’ नावाचा खास याचाच विभाग असतो. आपण मात्र त्याच्या दारावरून दात काढायच्या रांगेकडे जातो.

फोड जागा बदलत पुन्हापुन्हा येत असतील, तर फिजिशियनकडे जाऊन लोह, बी-१२, फॉलिक अ‍ॅसिड तपासावं. गालात पांढरी जाळी दिसली किंवा अंगावरही फोड उठले, तर त्वचारोगतज्ज्ञ.

दुखणाऱ्या फोडाचे घरात लाड होतात. न दुखणारा, कडक काठाचा फोड मात्र बिचारा गरीब म्हणून दुर्लक्षित राहतो, आणि तोच जास्त संशयास्पद. अशा वेळी डॉक्टर तुकडा काढून तपासायला सांगतात. ‘सुरी लागली की पसरतं’ म्हणणारे मामा तेवढे घरी ठेवून जावं.

खुर्चीत पहिला प्रश्न येतो तंबाखू, मिश्री, गुटख्याचा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे पेशंट बिनधास्त “कधीतरी” म्हणतो. सोबत आलेली बायको छताकडे बघते. डॉक्टर लिहून घेतात ते बायकोचं उत्तर.